एक पाय पलीकडे : सीमेवरचा मजूर आणि त्याचा परवाना

अमेरिकेतील काळ्या माणसाशी आपले नाते जुने आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली तेव्हा तिने आपले नावच ब्लॅक पँथरवरून घेतले. पुढे काळ्यांचे साहित्य आणि दलित साहित्य ह्यांच्या नात्याविषयी आपल्या नियतकालिकांतून इतके लिहिले गेले की आज खेड्यातल्या महाविद्यालयातला विद्यार्थीही जेम्स बाल्डविनचे नाव घेतो. ते योग्यच झाले. पण त्याच अमेरिकेच्या शेतात राबलेला दुसरा एक माणूस आपल्या चर्चेत कधी आला नाही. तो म्हणजे मेक्सिकन शेतमजूर. मी बी. ए. च्या वर्गाला अमेरिकेचा इतिहास शिकवतो. त्या पेपरात यादवी युद्ध आहे, लिंकन आहे, रूझवेल्टचे 'न्यू डील' आहे. ह्या लाखो मजुरांना मात्र क्रमिक पुस्तकात एक ओळही मिळालेली नाही.

'ब्रासेरो' हा स्पॅनिश शब्द. 'ब्रासो' म्हणजे बाहू, आणि ब्रासेरो म्हणजे बाहूंनी राबणारा. माणसाला त्याच्या एका अवयवाचे नाव द्यायचे आणि उरलेला माणूस हिशेबातून वजा करायचा, अशी ही भाषा आहे. आपल्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला मुकादमाच्या वहीत 'एक कोयता' म्हणतात. माझे आईवडील अशाच एका वहीत बारा हंगाम 'एक कोयता' होते. तिथे तर अवयवही नाही, नुसते हत्यार. त्यामुळे ब्रासेरो हा शब्द मला कोशात शोधावा लागला तरी कुणी समजावून सांगावा लागला नाही.

४ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिका आणि मेक्सिको ह्या दोन सरकारांत एक करार झाला. दुसरे महायुद्ध चालू होते. अमेरिकेचे तरुण सैन्यात आणि कारखान्यांत गेले होते. शेतातल्या पिकाला हात हवे होते. ते मेक्सिकोतून ठरावीक मुदतीच्या कंत्राटावर आणायचे असे ठरले. त्याच सप्टेंबरात पहिली तुकडी बीटची काढणी करण्यासाठी कॅलिफोर्नियात स्टॉक्टनला पोचली. युद्ध १९४५ साली संपले, योजना मात्र १९६४ च्या अखेरपर्यंत चालली. ह्या बावीस वर्षांत सुमारे ४६ लाख कंत्राटे झाली. एकच माणूस अनेकदा गेल्यामुळे माणसांची संख्या ह्याहून पुष्कळ कमी आहे, पण तीही लाखांतच मोजावी लागते.

कराराचा कागद वाचला तर तो मोठा उदार वाटतो. मजुराला सैन्यात घेतले जाणार नाही. त्याला भेदभावाची वागणूक मिळणार नाही. जाण्यायेण्याचा खर्च मालक देईल. त्या भागात चालू असलेली मजुरी त्याला मिळेल, आणि कंत्राटाच्या किमान तीनचतुर्थांश दिवसांचे काम मिळेल. ह्या कागदावर सही करणारे कोण होते? दोन सरकारे. ज्याचे बाहू त्या कागदात मोजले जात होते तो तिथे नव्हता, त्याची संघटनाही नव्हती.

इथे मला आणखी एक तारीख आठवते. अमेरिका-मेक्सिको करार झाल्यानंतर तीनच दिवसांनी, ७ ऑगस्ट १९४२ रोजी, दिल्लीत संयुक्त श्रम परिषद भरली होती. नुकतेच व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रमखात्याचे सदस्य झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या परिषदेत बोलले. सरकार, मालक आणि कामगार ह्या तिघांनी एकत्र बसावे, हे तत्त्व त्या परिषदेच्या पायाशी होते. दोन्ही ठिकाणी युद्धाचीच निकड होती. एका ठिकाणी कामगाराला खुर्ची मिळाली, दुसऱ्या ठिकाणी त्याच्याविषयी बोलणी झाली. हा फरक लहान नाही. पुढच्या बावीस वर्षांत जे घडले त्याचे बीज मला ह्या रिकाम्या खुर्चीत दिसते.

कागद आणि माणूस ह्यांच्यामध्ये जी वाट होती ती आता पाहू.

मजुराची वाट गावातल्या नगरपालिकेपासून सुरू होई. गावाला ठरावीक जागा मिळत आणि त्या जागेचे पत्र मिळवण्यासाठी अधिकाऱ्याचा हात ओला करावा लागे. लाचेला मेक्सिकोत 'मोर्दिदा' म्हणतात. त्याचा शब्दशः अर्थ चावा. हा चावा भागवण्यासाठी कुणी बैल विकी, कुणी व्याजाने पैसे घेई. पत्र हाती आले की भरतीच्या केंद्रावर जायचे. सुरुवातीला हे केंद्र राजधानीतल्या क्रीडांगणावर होते, नंतर इरापुआतो, चिवावा, माँतेरे, एम्पाल्मे अशा गावी हलले. तिथे नाव पुकारले जाईपर्यंत दिवसचे दिवस उघड्यावर काढायचे. नाव पुकारले की तपासणी. त्या तपासणीत हात उलटे करून तळवे पाहिले जात. तळव्यावर घट्टे असतील तर माणूस पास. हात मऊ असेल तर तो शेतकरी नव्हे, त्याला परत पाठवायचे. आपल्या समाजात ज्या घट्ट्यांची आयुष्यभर लाज बाळगायला शिकवले गेले तेच तिथे प्रमाणपत्र ठरले होते. पण ह्यात सन्मान शोधण्याची घाई कुणी करू नये. बाजारात बैलाचे दात पाहतात तेव्हा तो बैलाचा सन्मान नसतो.

इथे पास झालेला माणूस अजून अमेरिकेत कामाला लायक झालेला नसे. त्याचे कंत्राट सीमेवरच जिवंत होई. एल पासोजवळचे रिओ व्हिस्ता, टेक्सासमधले हिडाल्गो आणि ईगल पास, कॅलिफोर्नियातले एल सेंट्रो ही सीमेवरची स्वागतकेंद्रे. स्वागत हा शब्द त्यांचा. तिथे कपडे उतरवून रांगेत उभे राहायचे. पुन्हा डॉक्टर, छातीचा क्ष-किरण फोटो, बोटांचे ठसे, ओळखपत्रासाठी फोटो. आणि फवारणी. लेनर्ड नेडल नावाच्या छायाचित्रकाराने १९५६ साली हिडाल्गो केंद्रावर काढलेली छायाचित्रे आज वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. त्यांतल्या एकात तोंडावर मास्क बांधलेला कर्मचारी उघड्या अंगाच्या मजुराच्या चेहऱ्यावर डी.डी.टी. मारतो आहे. मागे रांग उभी आहे. आपल्याकडे डी.डी.टी. म्हटले की हिवतापाची फवारणी करणारे कर्मचारी आठवतात. ते भिंतींवर मारीत आणि घरातल्यांना बाहेर काढीत. इथे भिंतीच्या जागी माणूस होता. ह्याच डी.डी.टी.वर अमेरिकेने १९७२ साली आपल्या देशात बंदी घातली.

ही फवारणी ब्रासेरो योजनेने आणलेली नव्हती. तिचा इतिहास पंचवीस वर्षे मागे जातो. १९१७ च्या जानेवारीत एल पासो शहराने टायफसच्या भीतीपोटी पलीकडच्या हुआरेस गावातून येणाऱ्या मेक्सिकन लोकांना पुलावर अंघोळीची सक्ती केली. कपडे वाफेत घालायचे आणि अंगाला रॉकेलसारखे द्रव्य लावायचे. अंघोळ झाल्याचा दाखला मिळे. तो काही दिवसच चाले, मग पुन्हा अंघोळ. रोज सकाळी ट्रामने पूल ओलांडून एल पासोतल्या गोऱ्यांच्या घरी धुणीभांडी करायला जाणाऱ्या बायकांना हा दाखला म्हणजे कामाचा परवानाच होता. आदल्याच वर्षी, मार्च १९१६ मध्ये, एल पासोच्या तुरुंगात कैद्यांना अशीच ज्वालाग्राही द्रव्याची अंघोळ घालताना आग लागून वीसहून अधिक कैदी जळून मेले होते. बायकांना ते ठाऊक होते. २८ जानेवारी १९१७ रोजी कार्मेलिता तोरेस नावाच्या सतरा वर्षांच्या मोलकरणीने ट्राममधून उतरून अंघोळ करायला नकार दिला. तिच्याबरोबर ट्राममधल्या इतर बायकाही अडून बसल्या. दुपारपर्यंत पुलावर हजारांचा जमाव झाला, ट्राम बंद पडल्या. सैन्य आले, अटका झाल्या, आणि अंघोळी पुढे कित्येक वर्षे चालू राहिल्या.

आपल्या वाचकांच्या मनात इथे महाड आल्याशिवाय राहणार नाही. दहा वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, चवदार तळ्याचे पाणी अस्पृश्यांनी प्यायले आणि नंतर सवर्णांनी शेण-गोमूत्राच्या घागरी ओतून ते तळे शुद्ध केले. तिथे माणसाच्या स्पर्शाने पाणी बाटले होते. एल पासोच्या पुलावर माणूसच बाटलेला ठरला आणि शुद्धी त्याची झाली. कारण उघड आहे. महाडच्या सवर्णांना तळ्यावर अस्पृश्य नकोच होता. एल पासोच्या गोऱ्या घरांना मात्र ती मोलकरीण सकाळी आठ वाजता हवीच होती. ज्याला हाकलायचे असते त्याला कुणी अंघोळ घालीत बसत नाही.

आता मी ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो.

करार झाला तरी सर्वांना कंत्राट मिळत नसे, आणि सर्व मालकांना कंत्राटाची कटकट नको असे. टेक्सासमध्ये मेक्सिकन माणसाला हॉटेलात, न्हाव्याच्या दुकानात, शाळेत जी वागणूक मिळे ती पाहून मेक्सिको सरकारने सुरुवातीची काही वर्षे त्या राज्याला ब्रासेरो देण्याचे नाकारले होते. म्हणून टेक्सासची शेते ओस पडली काय? मुळीच नाही. रिओ ग्रांदे नदी पोहून लोक येतच होते. त्यांना इंग्रजीत 'वेटबॅक' म्हणत, म्हणजे ओल्या पाठीचा. ही नुसती शिवी राहिली नाही, सरकारी कागदांतही हाच शब्द वापरला गेला. ओल्या पाठीच्या माणसाला मजुरी कमी, तक्रार कुठे करायची नाही. पगाराच्या दिवशीच पोलिस बोलावला की पगारही वाचतो. मालकाला ह्याहून सोयीचे काय असणार?

१९४७ साली दोन सरकारांनी ठरवले की जे बिनपरवाना आत आलेच आहेत त्यांना कायदेशीर करून घ्यावे. पण कायद्याने कंत्राट होते ते बाहेरून आत येणाऱ्या माणसाशी. हा तर आधीच आत. मग युक्ती निघाली. शेतात काम करणाऱ्या बिनपरवाना मजुराला एक चिठ्ठी द्यायची. त्याला ट्रकने सीमेवर न्यायचे. त्याने मेक्सिकोच्या जमिनीवर एक पाय टेकवायचा आणि पुन्हा आत यायचे. आत येताना तो ब्रासेरो. संध्याकाळी तो त्याच मालकाच्या त्याच शेतात, पुन्हा त्याच सरीवर वाकलेला.

ह्या विधीला अधिकाऱ्यांनी दिलेले नाव होते 'ड्राइंग आउट', म्हणजे ओल्या पाठी वाळवणे. आपल्या आया उन्हाळ्यात कुरडया-पापडांचे वाळवण घालतात, तसे ह्यांनी माणसांचे वाळवण घातले. आकडे पाहा. राष्ट्राध्यक्ष ट्रूमन ह्यांनी नेमलेल्या स्थलांतरित श्रमविषयक आयोगाने १९५१ साली अहवाल दिला. त्याप्रमाणे १९४७ ते १९४९ ह्या काळात मेक्सिकोतून नव्याने आणलेले मजूर सुमारे ७४,६०० आणि आतल्या आत 'वाळवलेले' सुमारे १,४२,०००. १९५० साली तर नवे २० हजारांहूनही कमी आणि वाळवलेले ९६ हजार. म्हणजे परवाना मिळवण्याची खात्रीची वाट कुठली? आधी कायदा मोडून आत शिरायचे ही. गावात मोर्दिदा देऊन रांगेत बसलेल्या माणसाने ह्यातून काय शिकावे, हे सांगायला नको.

हिंदू धर्मशास्त्रात समुद्र ओलांडला की माणूस बाटे आणि प्रायश्चित्त घेऊन शुद्ध होई. इथे सीमा ओलांडून बाटलेल्याचे प्रायश्चित्त सीमा ओलांडणे हेच होते. पुरोहितशाहीचा अनुभव आपल्याला पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. त्यामुळे विधीने वस्तुस्थितीत काहीच बदलत नाही आणि तरी सगळे बदलते, हे आपल्याला लवकर कळते. त्या माणसाचे हात तेच, भूक तीच, घामही तोच. बदलले ते एवढेच की सकाळी तो गुन्हेगार होता आणि दुपारी पाहुणा कामगार झाला. कुठल्या दिवशी त्याने काय असावे हे ठरवणारा अधिकारी मात्र दोन्ही वेळी एकच होता.

हा अधिकार किती निलाजरेपणे वापरला गेला ह्याची दोन उदाहरणे देतो. ऑक्टोबर १९४८ मध्ये कापूस वेचणीच्या मजुरीवरून दोन सरकारांचे जमेना. मेक्सिको जास्त दर मागत होता. तेव्हा एल पासोला अमेरिकन अधिकाऱ्यांनी सीमाच उघडली. काही हजार माणसे आत आली. आत येताच त्यांना नावापुरती अटक झाली आणि लगेच, पलीकडे ट्रक घेऊन थांबलेल्या कापूसवाल्यांच्या ताब्यात देण्यात आले. मेक्सिकोने निषेध केला, करार मोडला. अमेरिकेने खेद व्यक्त केला. कापूस तेवढ्यात वेचून झाला होता.

दुसरे उदाहरण जानेवारी १९५४ चे, कॅलिफोर्नियाच्या कॅलेक्सिको गावचे. कराराची मुदत संपली होती आणि अमेरिकेने एकतर्फी भरती सुरू केली. मेक्सिकोचे पोलिस आपल्या माणसांना जाऊ देईनात, अमेरिकेचे अधिकारी त्यांना आत ओढीत. आत असलेल्या बिनपरवाना माणसांना रेषेपर्यंत पळत जाऊन पलीकडे पाय टेकवून यायला सांगितले जाई. त्या दिवसांतले एक छायाचित्र पुष्कळांनी छापले आहे. सीमेच्या रेषेवर एक मजूर, त्याला एका बाजूने मेक्सिकन शिपाई ओढतो आहे, दुसऱ्या बाजूने अमेरिकन. दोघेही गणवेशात. ह्या रस्सीखेचीत त्याला स्वतःला कुठे जायचे आहे हे विचारायला कुणालाच सवड दिसत नाही. मार्चमध्ये अमेरिकन काँग्रेसने एकतर्फी भरतीला कायद्याचा आधार दिला, मेक्सिकोने नवा करार केला. आणि त्याच वर्षी जूनमध्ये 'ऑपरेशन वेटबॅक' ह्या नावाने बिनपरवाना मेक्सिकनांना पकडून हाकलण्याची मोठी मोहीम सुरू झाली. जानेवारीत ओढून आत घेतले आणि जूनमध्ये ढकलून बाहेर काढले. सरकारने दहा लाखांहून अधिक गेल्याचा दावा केला. तो फुगवलेला होता असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. मालकांची तक्रार फार टिकली नाही, कारण हाकललेल्यांच्या जागी ब्रासेरो वाढवून मिळाले. १९५६ साली कंत्राटांची संख्या साडेचार लाखांच्या जवळ गेली, हा ह्या योजनेचा उच्चांक.

माझा एक जुना विद्यार्थी कॅनडात संगणकाच्या कामावर आहे. आमच्याच वस्तीतला मुलगा. २०२३ साली त्याने फोन करून सांगितले, "सर, आज झेंड्याच्या खांबाला वळसा घालून आलो." त्याचा कामाचा परवाना मंजूर झाला होता, पण कागद हातात मिळायचा तो सीमेवरच्या अधिकाऱ्याकडून. तो आधीच कॅनडात राहत होता. मग नायगराचा पूल ओलांडून अमेरिकेच्या चौकीपर्यंत जायचे, तिथून परतीची चिठ्ठी घ्यायची, वळायचे आणि कॅनडाच्या चौकीवर नव्याने आल्यासारखे उभे राहायचे. अर्ध्या दिवसाचे काम. तिकडे ह्याला खांबाला वळसा घालणे असेच म्हणतात. कॅनडा सरकारने २३ डिसेंबर २०२४ पासून सीमेवर असे परवाने देणे बहुतेकांसाठी बंद केले. तो हसत सांगत होता आणि मला कॅलेक्सिकोची रेषा दिसत होती. दोन्ही गोष्टी एकच आहेत असे मी म्हणणार नाही. ह्याच्या अंगावर कुणी डी.डी.टी. मारली नाही, तो मोटारीत बसून गेला. पण मी त्याला विचारले, परवान्यावर काय काय लिहिले आहे? तो म्हणाला, माझे नाव, मुदत, आणि कंपनीचे नाव.

हे शेवटचे नाव महत्त्वाचे आहे. ब्रासेरोच्या कंत्राटावरही मालकाचे नाव असे. त्या मालकाला सोडून तो दुसरीकडे कामाला गेला की त्याची वाळलेली पाठ पुन्हा ओली. मजुरी कमी दिली, जेवणाचे पैसे जास्त कापले, तरी तक्रार केली की पुढच्या हंगामाच्या यादीत नाव नाही. चालू दराची मजुरी द्यायची असे करारात होते, पण चालू दर म्हणजे त्या भागातल्या मालकांनी मिळून ठरवलेला दर. त्यामुळे परवाना असलेला आणि नसलेला असे दोन मजूर एकाच शेतात शेजारी शेजारी वाकलेले असत, आणि एकाचा धाक दुसऱ्याला दाखवता येई.

ह्यावर आमचे काही कार्यकर्ते मित्र म्हणतात, कागद शेवटी कागद आहे. काहीच नसण्यापेक्षा बरा. ह्या म्हणण्यात तथ्य आहे आणि ते मी झटकून टाकत नाही. जातीच्या दाखल्यासाठी, सातबाऱ्यावरच्या नावासाठी आपण तहसील कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. कागदाचे मोल आपल्याला कुणी शिकवायला नको. पण आपल्याच देशात गुन्हेगार ठरवलेल्या जमातींनाही कागद मिळत असे. १८७१ च्या कायद्याने त्यांची नोंद झाली, हजेरी सुरू झाली, आणि एका गावाहून दुसऱ्या गावी जायला पास लागू लागला. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द होईपर्यंत तो पास त्यांच्या खिशात होता. त्या पासाने त्यांना काय दिले? पोलिसाने विचारले तर दाखवायचे, एवढेच. म्हणून कुठलाही परवाना पाहताना मी एकच प्रश्न विचारतो : हा कागद हातात धरून माणूस देणाऱ्याच्या विरुद्ध उभा राहू शकतो काय? जातीचा दाखला घेऊन आपण सरकारविरुद्ध न्यायालयात गेलो आहोत. ब्रासेरोला आपले कंत्राट घेऊन मालकाविरुद्ध कुठेही जाता आले नाही.

हे सगळे बाहेर आणले ते एर्नेस्तो गालार्सा ह्या माणसाने. मेक्सिकोतल्या नायारित प्रांतातल्या एका डोंगराळ खेड्यात १९०५ साली त्याचा जन्म. क्रांतीच्या धामधुमीत आईबरोबर तो कॅलिफोर्नियात आला, लहानपणी शेतात राबला, शिकत गेला आणि कोलंबिया विद्यापीठाचा डॉक्टर झाला. बाबासाहेब १९१३ ते १९१६ ह्या काळात जिथे शिकले तेच हे विद्यापीठ. डॉक्टर झाल्यावर तो प्राध्यापकीत रमला नाही, शेतमजुरांच्या संघटनेत गेला. ब्रासेरोंच्या छावण्यांतून हिंडून, त्यांच्या पगाराच्या चिठ्ठ्या आणि कंत्राटे जमवून त्याने १९५६ साली अहवाल प्रसिद्ध केला. कराराचे कलम आणि पगाराची चिठ्ठी शेजारी शेजारी ठेवायची, एवढीच त्याची पद्धत होती. मालकांच्या संघटना खवळल्या. त्याचे आत्मकथन 'बार्यो बॉय' १९७१ साली आले, आपल्या दया पवारांच्या 'बलुतं'च्या सात वर्षे आधी. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून कुणी अभ्यास केला तर मला आनंद वाटेल.

१७ सप्टेंबर १९६३ रोजी कॅलिफोर्नियात चुआलार गावाजवळ ब्रासेरोंना शेतावरून छावणीत नेणारे वाहन रेल्वेच्या फाटकावर गाडीखाली सापडले. मुळात ते सामान वाहणारे ट्रक होते, त्यावर छप्पर घालून बाके ठोकलेली. ३२ माणसे मेली. त्यांच्याबरोबर काम करणाऱ्यांनाही पुष्कळांची पूर्ण नावे माहीत नव्हती आणि ओळख पटवायला दिवस लागले. त्या अपघाताची चौकशी गालार्सानेच करून लिहिली. पुढच्या वर्षाच्या अखेरीस योजना बंद पडली. नंतर नऊ महिन्यांच्या आत, सप्टेंबर १९६५ मध्ये, डेलानोच्या द्राक्षमळ्यांत संप सुरू झाला. फिलिपिनो मजुरांनी लॅरी इटलियाँगच्या पुढारीपणाखाली सुरुवात केली आणि सेझर चावेस, डोलोरेस हुएर्ता ह्यांची मेक्सिकन संघटना सामील झाली. संप मोडायला आणता येतील असे परवानाबद्ध हात मालकांपाशी आता उरले नव्हते. संप पाच वर्षे टिकला, ह्यात ह्या गोष्टीचा वाटा आहे असे मला वाटते. ब्रासेरोंची कंबर ज्याने मोडली त्या आखूड दांड्याच्या खुरप्यावर कॅलिफोर्नियाने १९७५ साली बंदी घातली.

एक हिशेब राहिला होता. पहिल्या काही वर्षांत ब्रासेरोच्या मजुरीतून दहा टक्के रक्कम बचत म्हणून कापली जाई. ती अमेरिकेतल्या बँकेतून मेक्सिकोच्या बँकांत जायची आणि मजूर घरी परतल्यावर त्याला मिळायची. पुष्कळांना ती मिळालीच नाही. कित्येकांना असे काही कापले जाते हेही ठाऊक नव्हते. साठ वर्षांनी, म्हातारपणी, त्यांनी मोर्चे काढले, २००१ साली अमेरिकेच्या न्यायालयात गेले. मेक्सिको सरकारने २००५ साली प्रत्येकी ३८,००० पेसो देण्याचे मान्य केले आणि २००८ साली अमेरिकेतल्या दाव्यात तडजोड झाली. पैसे मिळण्यासाठी अट होती : ब्रासेरो असल्याचा पुरावा आणावा. सीमेवर मिळालेले कंत्राट, ओळखपत्र किंवा पगाराची चिठ्ठी. ऐंशी-पंच्याऐंशीच्या वयाची माणसे, त्यांच्या विधवा, त्यांची मुले कचेऱ्यांसमोर रांगेत उभी राहिली. कुणाकडे पेटीच्या तळाशी जपलेला, घडीवर फाटलेला कागद होता. ज्यांचा हरवला होता, भिजला होता किंवा मालकाने कधी हातात दिलाच नव्हता, ते परत गेले.